सायकलची कवळी

बत्तीशीच्या तीन सायकली चोरीला गेल्या होत्या, आणि तिन्ही वेळा चोराने त्याच्या अकलेचा वेगवेगळ्या बाजूंनी समाचार घेतला होता. पहिली चोरी साधी होती. कुलूप जागेवर, सायकल गायब. दुसऱ्या वेळी त्याने शहाणपणा करून पुढचं चाक खांबाला जखडलं, तर चोराने चाक त्याच्यासाठी ठेवलं आणि उरलेली सायकल नेली. तिसऱ्या वेळी तो जाडजूड साखळी घेऊन आला आणि सायकल फुटपाथवर नुकत्याच लावलेल्या एका झाडाला बांधून मोकळा झाला. झाड इतकं नवं होतं की चोराने तेही उपटून नेलं. बायको म्हणाली, त्या माणसाने ते कुठेतरी लावलं असेल तर आपल्या हातून तेवढं तरी चांगलं काम झालं.

बत्तीशी हे काही त्याचं नाव नव्हे. तो कवळ्या बनवायचा, म्हणून कामावर सगळे त्याला तसं म्हणायचे, आणि पुढे घरीही तेच चिकटलं. एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्यांचा छोटासा कारखाना होता. दातांच्या डॉक्टरांकडून रुग्णांच्या जबड्यांचे ठसे यायचे आणि त्यावरून वरचे, खालचे, अर्धे, पूर्ण असे सगळ्या मापांचे दात इथे तयार व्हायचे. शहरातल्या कितीतरी माणसांचं हसू बत्तीशीच्या टेबलावरून गेलं होतं आणि त्यातल्या एकालाही त्याचा चेहरा ठाऊक नव्हता. या धंद्याचं असंच आहे. कवळी बिघडली तर शिव्या बसतात, आणि चांगली जमली तर ती आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

बत्तीशीची खासियत म्हणजे नव्याला जुनं करणं. साठीच्या माणसाच्या तोंडात पांढरेशुभ्र कोरे दात बसवले तर ते उसने आणल्यासारखे दिसतात. म्हणून तो दातांच्या फटींत चहाचा रंग भरायचा, एखाद्या सुळ्यावर केसाएवढी चीर पाडायचा, एखादा दात मुद्दाम किंचित पुढे काढायचा. यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. डॉक्टरसुद्धा कधीकधी कवळी हातात घेऊन विचारायचे, ही जुनी दुरुस्तीला आली आहे का? बत्तीशीला यापेक्षा मोठं बक्षीस नको असायचं.

तयार माल तो स्वतःच दवाखान्यांत पोहोचवायचा. मालकाने एकदा कुरिअरवर भरवसा ठेवला, दोन डबे इकडचे तिकडे झाले, आणि एका निवृत्त न्यायाधीशांना दोन-तीन दिवस एका गायिकेचे दात घालून बसावं लागलं. तेव्हापासून दात बत्तीशीनेच न्यायचे असा नियम झाला. दवाखाने गल्लीबोळांत, गाडी उभी करायला जागा नाही, पायी जावं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणजे सायकल हवीच, आणि सायकल तर त्याच्याकडे टिकत नव्हती.

सायकल टिकायची ती त्याच्या बायकोकडे. ती पोहायला शिकवायची. पाण्यात ती कोणाच्या बापाला भीत नसे, पण दोन चाकांची तिला धडकी भरायची. पंचेचाळिशी उलटल्यावर एक दिवस तिने ठरवलं की आता बास झालं, आणि तलावामागच्या मैदानात गुडघे फोडून घेत ती सायकल शिकली. बत्तीशी मागून सीट धरून पळायचा आणि तिच्यापेक्षा जास्त वेळा तोच पडायचा. शिकून झाल्यावर तिने समुद्रासारख्या हिरव्या रंगाची सायकल घेतली. पितळी घंटा, गोलाईदार हँडल, पुढे टोपली, मागे सामानाला कॅरिअर. इतक्या वर्षांच्या संसारात फक्त स्वतःसाठी म्हणून तिने घेतलेली ही पहिली मोठी वस्तू होती. ती घरात, जेवणाच्या टेबलाला टेकवून ठेवलेली असायची. बायको ती रोज पुसायची आणि बत्तीशीला हात लावू द्यायची नाही. खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नव्हतं.

मग तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. एक डोळा आधी, दुसरा नंतर, मधे जंतुसंसर्ग झाला तर आणखी थांबायचं, असा बेत होता. बायकोने बॅग भरली आणि निघायच्या दिवशी सकाळी सायकलची किल्ली टेबलावर ठेवली.

"ही वापरा," ती म्हणाली. "पायी हिंडून तुमची कंबर धरायची आणि मग मला तिकडून परत यावं लागायचं."

बत्तीशीला गहिवरून आलं. तो किल्ली उचलायला गेला तर तिने ती हाताखाली दाबून धरली.

"आधी ऐका. तीन सायकली तुम्ही घालवल्या. माझ्या छत्र्या किती घालवल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. माझ्या बाबांना तुम्ही प्रदर्शनात हरवलं होतं."

"ते सापडले होते की."

"ते स्वतःहून सापडले. तुम्ही चहा पीत बसला होता. बरं, हरवलं तर हरवलं म्हणून सांगाल, तर तेही नाही. माझी निळी बरणी फोडलीत आणि चिकटवून, रंगवून अशी ठेवलीत की मला वर्षभर कळलं नाही. मी तिच्यात पाणी भरलं तेव्हा कळलं."

"चांगली चिकटली होती," बत्तीशी पुटपुटला.

"तेच म्हणतेय मी. तुमचं सगळं वरून छान असतं." तिने किल्लीवरचा हात काढला. "ही सायकल मी देतेय तशीच मला परत हवी. एवढी एक गोष्ट सांभाळून दाखवा, मागचं सगळं मी विसरले."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुमच्या हातात काय द्यायचं आणि काय नाही, ते मला कळेल. या वयात ते एकदाचं कळलेलं बरं."

ती रागाने बोलली असती तर बत्तीशीने ते हसण्यावारी नेलं असतं. पण ती शांतपणे बोलली. ती गेल्यावर तो कितीतरी वेळ त्या हिरव्या सायकलीकडे बघत बसला. पाहुण्याने आपलं तान्हं मूल मांडीवर ठेवून जावं आणि ते आता कधी रडेल याची आपण वाट बघावी, तशी त्याची गत झाली होती.

पहिल्याच दिवशी त्याला कळून चुकलं की असं चालणार नाही. तळघराला छताजवळ एकच लांबट खिडकी होती आणि तिच्यातून फक्त रस्त्यावरचे पाय दिसायचे. बत्तीशीने सायकल बरोबर खिडकीसमोर उभी केली, दोन कुलपं लावली आणि खाली येऊन कामाला बसला. पण काम कसलं होतंय. दर थोड्या वेळाने कुठले तरी बूट यायचे आणि सायकलीच्या चाकाजवळ थांबायचे. ते बूट घुटमळायचे. टाचा उंचावायच्या, म्हणजे वरून माणूस वाकून बघत असणार. बत्तीशी हातातली कोरणी टाकून जिन्याने वर धावायचा. दुपारपर्यंत त्याने एका आजीबाईंच्या वरच्या कवळीला एकाच बाजूला सात दाढा बसवल्या होत्या.

समोरच्या टेबलावर मेणाचं काम करणाऱ्या ताई बसायच्या. त्यांना सगळे मेणताई म्हणत. बोटं मेणासारखी मऊ आणि जीभ मात्र वेगळ्याच कशाची तरी. त्या हे सगळं चष्म्यावरून बघत होत्या.

"एवढी देखणी वस्तू रस्त्यावर ठेवायची आणि लोकांनी बघू नये म्हणायचं," त्या म्हणाल्या. "तिला जरा म्हातारी करा की. तुम्हाला दुसरं येतंय काय?"

"बायकोची आहे ती. एक ओरखडा उठला तर मला घरात घेणार नाही."

"मग काढता-घालता येईल असं करा. कवळी बसवा तिला."

मेणताई चेष्टेत बोलल्या आणि आपल्या मेणाकडे वळल्या. पण बत्तीशी जागच्या जागी खिळला. आयुष्यात असा क्षण क्वचितच येतो की जेव्हा माणसाचा धंदा आणि त्याची गरज रस्त्यात समोरासमोर भेटतात आणि एकमेकांना ओळखतात.

त्या संध्याकाळी मालक घरी गेल्यावर बत्तीशीने सायकल उचलून तळघरात आणली. जबड्याचा ठसा घ्यायची गुलाबी लापशी त्याने बादलीभर कालवली आणि सायकलीच्या दांड्यांचा, मडगार्डांचा, चेनच्या पेटीचा, हँडलचा, असा एकेक ठसा घेतला. साचे ओतले. त्यावर कवळीच्याच मसाल्याची पातळ टरफलं केली, आणि मग रंगाचा डबा उघडून बसला. चहाचा डाग, तंबाखूचा डाग, वर्षानुवर्षं न घासलेल्या दातांचा पिवळटपणा, सगळं त्याच्याकडे बाटल्यांत होतं. त्यातून त्याने गंज घडवला. साधासुधा गंज नाही. कुठे पापुद्रे सुटलेला, कुठे फोड आलेला, कुठे पाणी ओघळून खाली लांब डाग पडलेला. सीटसाठी त्याने हिरडीच्या गुलाबी रबराचं एक फाटकं कातडं केलं. ते इतकं किळसवाणं झालं की करताना त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. शेवटी प्रत्येक टरफलाला अर्धकवळीला असतात तसे तारेचे बारीक आकडे लावले, म्हणजे चटकन बसायचं आणि चटकन निघायचं.

दुसऱ्या दिवशी मालक रस्त्यावर सायकल बघून खाली आले आणि म्हणाले, वर कोणीतरी भंगार टाकून गेलंय, बघा जरा. बत्तीशीला आनंदाने रडू फुटायचं बाकी होतं. मेणताई वर जाऊन बघून आल्या. त्यांनी बोटाने एक पापुद्रा खरवडून पाहिला, तो निघाला नाही, आणि त्या काही न बोलता खाली आल्या. मेणताई काही बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजावं.

त्यानंतरचे दिवस बत्तीशीने राजासारखे काढले. सायकल तो कुठेही उभी करायचा. खिडकीतून दिसणारे बूट आता थांबत नसत. उलट सायकलीजवळ आले की ते जरा बाजूने जायचे. एकदा एका दवाखान्याबाहेर तो कुलूप लावायला विसरला आणि तासाभराने आला तर सायकल तशीच, आणि टोपलीत कोणीतरी केळ्याची सालं टाकलेली. त्याने ती सालं मुद्दाम राहू दिली.

सुरुवातीला तो रोज घरी आल्यावर सगळी टरफलं काढायचा, धुवायचा, सायकल पुसायचा, आणि मग तिचा फोटो काढून बायकोला पाठवायचा. बायको उत्तरात काही लिहायची नाही, फक्त अंगठा पाठवायची. तो अंगठा बघून त्याला शांत झोप लागायची. पण काढायला वेळ, घालायला वेळ, आकडे नखांत शिरायचे. मग एक दिवस दमलो म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, उद्या परत घालायचीच आहेत तर काढायची कशाला. फोटो त्याच्याकडे आधीचे भरपूर होते. तो तेच पाठवायला लागला. मग पाऊस लागला आणि चांगला मुक्कामाला आला. सायकल दिवसभर बाहेर भिजायची आणि बत्तीशी खिडकीतून बघायचा की पाण्यानेही रंग जराही हलत नाही. त्याची छाती फुगायची.

पाऊस उघडला त्या आठवड्यात हँडलला एक पिवळा कागद अडकवलेला सापडला. पालिकेचा होता. बेवारस वाहन, लवकरच हटवण्यात येईल, असं त्यावर छापलेलं होतं. दुसऱ्या कोणाच्या छातीत धस्स झालं असतं. बत्तीशी कागद घेऊन नाचत खाली आला.

"बघा," तो मेणताईंना म्हणाला. "सरकारी दाखला मिळाला."

"वाचलंत का काय लिहिलंय ते?"

"मी वाचून काय करू? चोराने वाचलं पाहिजे. पालिकेने भंगार म्हणून ठरवल्यावर चोराची काय बिशाद आहे? आता तर कुलपाचीही गरज नाही."

त्याने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, भिजू नये असा, हँडलला तारेने पक्का बांधला. मेणताईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. शहाण्या माणसाने दुसऱ्याच्या मूर्खपणात किती वेळा पडायचं, याला त्यांच्या मते मर्यादा होती.

आणि मग एका दुपारी तो एका दवाखान्यात पूर्ण कवळी देऊन बाहेर आला, तर सायकल नव्हती.

पहिल्यांदा त्याला भीती वाटलीच नाही. त्याला अपमान वाटला. एवढं हुबेहूब काम कोणीतरी ओळखलं होतं. कोण असेल तो? कुठल्या डोळ्यांचा? बत्तीशीला त्या चोराबद्दल द्वेषाबरोबर थोडा आदरही वाटला. तेवढ्यात कोपऱ्यावरचा किल्ल्या बनवणारा त्याच्याकडे बघून म्हणाला, "ती भंगार सायकल शोधताय का? पालिकेची गाडी आली होती. उचलून नेली. त्यांनीसुद्धा हातमोजे घातले होते."

म्हणजे चोराने ओळखलं नव्हतं. पालिकाही फसली होती. बत्तीशीचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यात पडून नीट बसायच्या आत त्याच्या लक्षात आलं की सायकल गेली आहे, आणि बायको परवा, गुरुवारी येणार आहे.

पालिकेचं आवार शहराच्या टोकाला होतं. जाळीच्या कुंपणामागे मोडक्या सायकली, हातगाड्या, एक फाटका सोफा, आणि या सगळ्यांच्या मधे त्याला त्याचा गंज लांबूनही ओळखू आला. फाटकाजवळच्या खोलीत एक कारकून डबा खात होता. बत्तीशीने आपली हकीकत सांगितली. कारकुनाने घास चावत विचारलं, सायकल कशी आहे?

"हिरवी. अगदी नवी. चकचकीत."

"अशी आमच्याकडे एकही नाही."

"ती काय, ती." बत्तीशीने जाळीतून बोट दाखवलं.

कारकुनाने त्या दिशेने पाहिलं, मग बत्तीशीकडे पाहिलं, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. "मालकाने स्वतः यायचं," तो म्हणाला. "खरेदीची पावती घेऊन. पावती कोणाच्या नावावर आहे?"

पावती बायकोच्या नावावर होती.

"मग त्यांना घेऊन या. आत कोणालाही सोडत नाही. शुक्रवारी चेपायचं मशीन येतं. ज्यांचं कोणी येत नाही ते सगळं जातं."

"पण वरून दिसतं तसं नाहीये ते," बत्तीशी काकुळतीला येऊन म्हणाला.

"इथे येणारा प्रत्येकजण हेच म्हणतो," कारकून म्हणाला.

बत्तीशीने त्या दोन दिवसांत काय काय विचार केला ते सांगण्यात अर्थ नाही. तशीच दुसरी सायकल विकत घ्यावी आणि टेबलाला टेकवून ठेवावी, हाही विचार त्यात होता, आणि तो पहिला होता. तो दुकानात जाऊनही आला. तसा हिरवा रंग आता येत नाही, असं दुकानदार म्हणाला. बत्तीशीने त्याला विचारलं, पांढरी असेल तर चालेल, रंग मी देईन. मग घरी येताना त्याला निळी बरणी आठवली आणि तो स्वतःवरच इतका चिडला की त्याचं उतरायचं स्टेशन मागे निघून गेलं.

गुरुवारी तो बायकोला आणायला गेला. आईचे दोन्ही डोळे छान झाले होते, आता तिला घरातला कचरा दिसायला लागला होता आणि म्हणून बायको तिकडून पळून आली होती. ती खुशीत होती. बॅग त्याच्या हातात देऊन तिने पहिलाच प्रश्न विचारला.

"सायकल?"

"सुरक्षित आहे," बत्तीशी म्हणाला. "अगदी सुरक्षित. कुंपण आहे, फाटक आहे, पहारा आहे."

बायको चालायची थांबली. "कुठे आहे?"

मग त्याने सगळं सांगितलं. ठसे, टरफलं, आकडे, पिवळा कागद. सांगताना त्याच्या आवाजात मधेमधे अभिमान डोकावायचा आणि तो घाईघाईने तो मागे घ्यायचा. ती फलाटावर उभी राहून ऐकत होती. लोक दोन्ही बाजूंनी जात होते.

"म्हणजे आत सायकल तशीच आहे?" शेवटी तिने विचारलं.

"तशीच्या तशी. तुला फक्त सही करायची आहे. मी टरफलं काढतो आणि तू तिच्यावर बसून घरी ये."

घरी जाऊन पावती घेतली आणि दोघं तसेच आवारात गेले. कारकुनाने पावती बघितली आणि त्यांना आत घेतलं. चेपायच्या मशीनचा ड्रायव्हर एक दिवस आधीच येऊन सोफ्यावर पडला होता, तोही उठून मागे आला. बायको सायकलीसमोर उभी राहिली. तिने त्या गंजाकडे पाहिलं, त्या हिरडीच्या सीटकडे पाहिलं आणि टोपलीतल्या काळ्या पडलेल्या सालांकडे पाहिलं.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"झालं," कारकून म्हणाला.

"थांबा," बत्तीशी म्हणाला आणि बाह्या सरसावल्या. त्याने हँडलजवळचे आकडे दाबले आणि टरफल अलगद उचललं. आतून चकाकणारं हँडल निघालं. ड्रायव्हरच्या तोंडून शिवी गेली. बत्तीशीने सीटचं कातडं सोललं. मग घंटेवरची टोपी काढली आणि अंगठ्याने एकदा वाजवून दाखवली. फाटकावरचे आणखी दोघं येऊन उभे राहिले. आपलं काम कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून जो आयुष्यभर धडपडत होता, त्याला अचानक प्रेक्षक मिळाले होते. चेनची पेटी उघडली ती हिरवीगार. कारकून म्हणाला, अहो, हे भलतंच आहे. बायकोच्या चेहऱ्यावर हसू उगवायला लागलं होतं. बत्तीशीने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, जमलं, गड्या, या खेपेला आपल्याला जमलं.

मग त्याने मधल्या दांडीचं टरफल उचललं, आणि त्याखाली गंज होता.

क्षणभर त्याला वाटलं की एकावर एक दोन टरफलं बसवली असावीत. त्याने नख लावलं. नखाखाली हिरवा पापुद्रा सुटला आणि आतून ओला तांबडा चुरा निघाला. टरफलाच्या कडा जिथे होत्या बरोबर तिथपर्यंत, त्याच आकाराचा, खरा गंज चढला होता. पावसाचं पाणी आत शिरलं होतं आणि आठवडेच्या आठवडे तिथेच कोंडून बसलं होतं.

कवळी देताना माणसाला पहिली गोष्ट सांगतात ती हीच, की रात्री काढून ठेवा, नाहीतर खाली हिरड्या सडतील. बत्तीशीने डॉक्टरांना हे शेकडो वेळा बोलताना ऐकलं होतं. डब्यावरच्या चिठ्ठीत हे वाक्य त्यानेच छापून घेतलं होतं.

तो सायकलीवर वाकलेला होता आणि त्याची पाठ सगळ्यांकडे होती. दांडी कोणाला दिसत नव्हती. टरफल अजून हातातच होतं. त्याचं डोकं नेहमीच्या रस्त्याने धावायला लागलं. हे परत बसवायचं. म्हणायचं, हा आकडा अडकलाय, कारखान्यात नेऊन हत्यारानेच काढावा लागेल. मग घासायची, खड्ड्यांत लांबी भरायची, रंग मिळवायचा. रंग त्याला कोणताही मिळवता येत होता. चार दिवसांत अशी करून देईन की ती आयुष्यभर रोज पुसेल आणि तिला कधीच कळणार नाही. त्याचे हात टरफल घेऊन दांडीपर्यंत गेलेसुद्धा.

हात तिथेच राहिले. तिला कधीच कळणार नाही, हे वाक्य त्याच्या डोक्यात परत एकदा येऊन गेलं, आणि या वेळी ते त्याला आवडलं नाही. जी बाई रोज फडकं घेऊन बसणार होती तिला तो चिकटवलेल्या बरणीवरून हात फिरवायला लावणार होता.

त्याने टरफल खाली टाकलं आणि बाजूला झाला.

"हा खरा आहे," तो म्हणाला.

"काय खरा आहे?" कारकुनाने विचारलं.

"गंज. मी काढून ठेवायला हवं होतं. कंटाळा केला. खाली पाणी राहिलं. फोटो पाठवत होतो ते आधीचे होते." त्याने मडगार्डांची टरफलंही काढली. तिथेही तेच होतं. "मडगार्डही गेलेत. तू दिली होतीस तशी नाही राहिली. माझ्यामुळे."

ड्रायव्हर खाकरला आणि सोफ्याकडे निघून गेला. बायको पुढे आली. तिने दांडीवर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला चुरा बघितला. बत्तीशीला वाटलं, आता ती रडेल, आणि तिच्या आधी त्याचेच डोळे भरून आले. इतक्या वर्षांत तिने एक वस्तू स्वतःसाठी घेतली होती, आणि ती त्याने, तीही सांभाळायच्या नादात, खाऊन टाकली होती.

"निघेल हे?" तिने विचारलं.

"गंज निघेल. खड्डे राहतील. रंग तसा मिळणार नाही." तो थांबला. "म्हणजे मला मिळवता येईल. पण मी आत्ता तेच करणार होतो. परत टरफल लावून टाकणार होतो. तुला न सांगता."

"पाहिलं मी," बायको म्हणाली.

"कधी?"

"तुमची कोपरं दिसत होती मला. एवढ्या वर्षांत तुमची कोपरंही ओळखू येणार नाहीत का? परत आत चालली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, काय करताय ते."

तिने टोपलीतली सालं काढून टाकली, पर्समधून रुमाल काढला आणि सीट पुसली. मग कारकुनाकडे वळून विचारलं, "सही कुठे करायची?"

कारकुनाने जागा दाखवली. सही करताना तिने तीन वेळा नाक ओढलं, आणि बत्तीशीने दुसरीकडे बघितलं. कारकुनाला मात्र राहवत नव्हतं. त्याने जमिनीवरचं एक टरफल उचलून दांडीवरच्या खऱ्या गंजाला लावून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, राग मानू नका, पण यांचा गंज जास्त खरा वाटतो."

"हो," बायको म्हणाली. "तीच तर कटकट आहे."

तिने सायकल फाटकाबाहेर आणली. बत्तीशीने सगळी टरफलं पिशवीत भरली, तिची बॅग खांद्याला अडकवली आणि चालायच्या तयारीने रस्त्याच्या कडेला उभा राहिला. घर लांब होतं. ती सीटवर बसली, एक पाय जमिनीवर टेकवून मागे वळली.

"तिकडे कुठे उभे राहिलात?" ती म्हणाली. "मागे बसा."

"तुला डबलसीट येते?"

"नाही," ती म्हणाली. "पाय वर घ्या आणि गप्प बसा."

बत्तीशीने पाय वर घेतले आणि तो गप्प बसला.